गॉलवेत दोन रात्री: संगीत कुठे ऐकायचं, दारं कधी बंद होतात, परत कसं यायचं?

टिटवी

ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकेंडला आम्ही चौघं डब्लिनहून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेला जाणार आहोत. शुक्रवार आणि शनिवारचा मुक्काम नक्की आहे. सोमवारी बँक हॉलिडे असल्यामुळे रविवारची रात्रही जोडता येईल. डब्लिनचं टेम्पल बार, म्हणजे तिथला पर्यटकांनी गजबजलेला पबचा भाग, सगळ्यांचं बघून झालंय, त्यामुळे पुन्हा तेच नको. आयरिश पारंपरिक संगीत जवळून ऐकायचंय, एक रात्र नाचायला जायचंय, आणि एखादं नाटक किंवा विनोदी कार्यक्रम जमला तर फारच छान.

चौघांपैकी तिघं बिअर घेतात, एक जण दारूला शिवत नाही. घेणाऱ्यांपैकी एक जण शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. वयं २३ ते ३१. संगीतासाठी कुठे, किती वाजता जायचं आणि तिकीट लागतं का? बार किती वाजता बंद होतात? दारावर आयआरपी कार्ड (परदेशी रहिवाशांचं नोंदणी कार्ड) चालतं का? रविवारी सकाळी भाड्याची गाडी घेऊन कॉनेमारात, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात, जायचा विचार आहे, तो आदल्या रात्रीच्या हिशेबात बसतो का?

पश्चिमवारा

आधी राहण्याची जागा पक्की करा. तुम्ही निवडलेल्या दिवसांतच गॉलवे कॉमेडी फेस्टिव्हल असतो आणि वर बँक हॉलिडे, त्यामुळे खोल्या लवकर संपतात आणि उरलेल्यांचे दर चढतात. खोली की स्ट्रीटवर किंवा त्याच्या आसपास मिळाली तर मागच्या बाजूची मागून घ्या. समोरच्या खोल्यांत पहाटे तीनपर्यंत रस्त्यावरचं गाणं ऐकू येतं. (स्पेलिंग बघून 'क्वे' म्हणू नका, उच्चार 'की' आहे.) डब्लिनहून सिटीलिंक किंवा गोबस यांची बस घ्या, अडीच-तीन तास लागतात. ट्रेन डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते आणि थेट एअर स्क्वेअरजवळ उतरवते. त्या शुक्रवारी संध्याकाळी दोन्हींना गर्दी असते, जागा आधीच धरून ठेवा.

शहराचा नकाशा डोक्यात बसवायला सोपा आहे. एअर स्क्वेअरच्या चौकातून एकच रस्ता नदीकडे उतरतो, फक्त नाव बदलत जातो: विल्यम स्ट्रीट, शॉप स्ट्रीट, हाय स्ट्रीट, की स्ट्रीट, आणि शेवटी नदीकाठची जुनी दगडी कमान, स्पॅनिश आर्च. चालत दहा मिनिटं. पूल ओलांडला की डॉमिनिक स्ट्रीट आणि सी रोड, याला सगळे वेस्टएंड म्हणतात. तुमच्या दोन्ही रात्री एवढ्याच पट्ट्यात होतील. शहराच्या आत टॅक्सीचा विचारसुद्धा करू नका.

आता वेळा, कारण बाहेरून आलेल्यांचं गणित इथेच चुकतं. साध्या पबची कायदेशीर वेळ सोमवार ते गुरुवार रात्री ११.३०, शुक्रवार-शनिवारी १२.३० आणि रविवारी ११ पर्यंत असते. त्यानंतर हातातलं संपवायला अर्धा तास मिळतो, पण त्या अर्ध्या तासात नवीन काही देत नाहीत. दिवे दोनदा लुकलुकले की शेवटची ऑर्डर. तुमच्या रविवारचं मात्र वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असली की साध्या पबलाही १२.३० पर्यंतची मुभा असते.

लेट बार आणि नाइटक्लब न्यायालयाकडून खास परवानगी काढतात आणि ती २.३० पर्यंत असते. एरवी रविवारच्या रात्री ती एकलाच संपते, पण सोमवारी सुट्टी असेल तर रविवारीही २.३०. त्यामुळे तुमच्या तिन्ही रात्री सारख्याच लांब आहेत. शक्य असेल तर रविवारचा मुक्काम जोडाच.

२.३० नंतर मात्र शहरात एकही बार उघडा नसतो. मुंबई-पुण्यातल्यासारखं कुठेतरी मागच्या दाराने चालू असेल असं मनात धरू नका. दुकानांतून दारूची विक्री रात्री दहाला थांबते. हॅपी अवर शोधत बसू नका, ठरावीक तासांपुरती किंमत कमी करायला २००३ च्या कायद्यापासून बंदी आहे. बाटली घेऊन स्पॅनिश आर्चच्या कट्ट्यावर बसणं महापालिकेच्या नियमात बसत नाही, गार्डा (इथले पोलीस) ती काढून घेतात.

नाचायला जायचं असेल तर साडेअकराच्या आत आत शिरा. साधे पब सुटायला लागले की सगळी गर्दी त्याच चार-पाच दारांवर येते, आणि साडेबाराला रांगेत लागलेल्याला पाऊण तास पावसात काढून आत जेमतेम सव्वा तास मिळतो. आत प्रवेश फी असेल तर शनिवारी साधारण ५ ते १५ युरो धरा. अकराच्या आधी बऱ्याच ठिकाणी ती घेतच नाहीत.

डॉमिनिक स्ट्रीटवरचं रोशीन डव ही माझी पहिली पसंती. पुढे बार, आत छोटा मंच, वर गच्ची. मंचावर बँड किंवा स्टँडअप असतो, त्याचं तिकीट त्यांच्याच संकेतस्थळावर. काही रात्री तिथे सायलेंट डिस्को असतो. हेडफोन घालून वेगवेगळे डीजे निवडायचे, हेडफोन काढला की नुसता पावलांचा आवाज. दारू न घेणाऱ्याला हा प्रकार विशेष आवडतो, कारण हेडफोन काढून शांतपणे बोलता येतं. जड रॉक-मेटल आवडत असेल तर ॲबीगेट स्ट्रीटवरचं सॅली लाँग्ज.

सूरपेटी

संगीताबद्दल सविस्तर लिहितो, कारण गॉलवेला येऊन लोक इथेच सगळ्यात जास्त गमावतात.

आधी दोन गोष्टींतला फरक ओळखा. माइक, गिटार, स्पीकर आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी, हा बॅलड गायकाचा कार्यक्रम. की स्ट्रीटवर बहुतेक तोच असतो. पबच्या कोपऱ्यात एका टेबलाभोवती सात-आठ जण एकमेकांकडे तोंड करून बसलेत, माइक नाही, मंच नाही, बघणाऱ्यांकडे पाठ आहे, ते सेशन. तुम्हाला हवंय ते हे दुसरं. त्याला तिकीट नसतं. पब एकदोन वादकांना मानधन देऊन बसवतो, बाकीचे आपणहून येऊन मिसळतात.

जागा दोन सांगतो. मेनगार्ड स्ट्रीटवरचं टिग कोली: रोज दोन बैठका, एक संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी रात्री साडेनऊच्या सुमारास. पब अगदी लहान आहे, वादक दारातून शिरताच समोर. सहाची बैठक पकडा, नऊनंतर उभं राहायलाही जागा नसते. दुसरं सी रोडवरचं क्रेन बार. खाली आणि वर दोन खोल्या, संगीत साडेनऊच्या आसपास सुरू होतं. वरच्या खोलीत कधीकधी तिकिटाची मैफल असते, ते दारावर लिहिलेलं असतं. इथे येणारे ऐकायला येतात, गप्पांचा कलकलाट कमी. नवख्याने शुक्रवारी टिग कोलीची सहाची आणि शनिवारी क्रेनची रात्रीची बैठक ऐकावी, म्हणजे दोन्ही तऱ्हा कळतात.

काय वाजतंय हे कळलं तर मजा दुप्पट होते. जिग म्हणजे सहा मात्रांचं चक्र, तीन-तीनचे दोन तुकडे. आपल्या दादऱ्यासारखी बोटावर मोजा, नेमकी बसेल. फक्त लय बरीच द्रुत. रील चारात चालते, केरव्याच्या अंगाने मोजता येते. नऊची असेल ती स्लिप जिग. प्रत्येक चालीचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. अशी पूर्ण चाल साधारण तीनदा झाली की न थांबता दुसऱ्या चालीत उडी. त्या उडीच्या क्षणी नीट बघा: एक जण मान वर करतो किंवा 'हप्' असा आवाज देतो, बाकीच्यांच्या भुवया हलतात, आणि पुढच्याच मात्रेला सगळे नव्या सुरात. तीन चालींचा एक संच साधारण पाच मिनिटांत संपतो. कुणासमोरही कागद नसतो.

वाद्यं: फिडल, लाकडी बासरी, टिन व्हिसल, बटणांचं ॲकॉर्डियन, षट्कोनी छोटं कॉन्सर्टिना, बँजो, आणि कोपराखाली भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स. हातात धरून एका काठीने वाजवतात तो चामड्याचा बौरान. तो एका वेळी एकानेच वाजवायचा असा संकेत आहे.

आता बसायचं कसं. वादकांच्या टेबलालगतची रिकामी खुर्ची रिकामी नसते, उशिरा येणाऱ्या वादकाची असते. बाकावर वाद्याची पेटी ठेवलेली असेल तर ती उचलून सरकवू नका. टाळ्या संच संपल्यावर वाजवा, वाजत असताना ठेका धरू नका. हे शिष्टाचारापुरतं नाही. छोट्या खोलीत वीस जणांच्या टाळ्या जरा मागे पडतात, वादकांना एकमेकांचं ऐकू येईनासं होतं आणि लय ओढली जाते. फर्माईश करू नका. व्हिडिओ घ्यायचा तर दोन संचांच्या मध्ये विचारा, फ्लॅश बंद ठेवा, अर्ध्या मिनिटात आटपा.

मध्येच कुणी डोळे मिटून एकट्याने, साथीशिवाय आयरिश भाषेत गायला लागलं तर ते शॅन नोस. त्या वेळी बारच्या मागचा माणूससुद्धा ग्लास ठेवायचा थांबतो. तेव्हा ऑर्डर देऊ नका, दार उघडून बाहेर जाऊ नका, कुजबुजही नको.

तुमच्यापैकी कुणी वाद्य वाजवत असेल तर आधी कडेला बसून तासभर ऐका, मग बैठक चालवणाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा आनंदाने जागा करून देतात. तबला-ढोलकी घेऊन थेट गोलात बसू नका, तालवाद्याचा वजनदार ठेका त्या चालींचं अंग बदलून टाकतो.

टिटवी

पश्चिमवारा, सूरपेटी, मनापासून आभार. दादऱ्याचं तर आत्ताच मोजून पाहिलं! दोन शंका उरल्या. चौघांत 'राउंड' कसा चालवायचा, विशेषतः न पिणाऱ्याने काय करायचं? आणि आयआरपीचं कुणीच लिहिलं नाही.

बिल्ला_नंबर

आयआरपी कार्डावर विसंबू नका. ते नोंदणीचं कार्ड आहे, ओळखपत्र नाही, असं सरकारचंच म्हणणं आहे. काही दारांवर चालतं, काहींवर नाही, आणि रात्री बाराला रांगेत वाद घालून काही हाती लागत नाही. आयर्लंडचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा लर्नर परमिट असेल तर सगळ्यात सोपं. नसेल तर मूळ पासपोर्ट. फोनवरचा फोटो, झेरॉक्स, आधार, भारतातलं लायसन्स, यांपैकी कशाचीही खात्री नाही. पासपोर्ट न्यायचाच तर आतल्या चेनच्या खिशात ठेवा आणि कोटासोबत क्लोकरूममध्ये देऊ नका. गर्दीत कोट अदलाबदल होतात आणि पासपोर्ट हरवला तर दूतावासाची वारी डब्लिनला.

कायद्याचं वय १८ आहे, पण लेट बार स्वतःची मर्यादा २०, २१ किंवा शनिवारी २३ सुद्धा ठेवू शकतात. तुमच्यातल्या २३ वर्षांच्या माणसाने ओळखपत्र विसरायचंच नाही.

कपड्यांची फार चिंता नको, गॉलवे त्याबाबतीत मोकळं आहे. पण खेळाची ट्रॅकपँट आणि फुटबॉलचा टीशर्ट लेट बारच्या दारावर अडवतात. दहा जणांच्या पुरुषांच्या घोळक्यालाही अडवतात, चौघांना सहसा नाही.

कारण न देता नाकारलं आणि वर्णभेदाचा वास आला तर काय करायचं, हे आपल्या लोकांना क्वचितच माहीत असतं, म्हणून लिहितो. दारावरच्या प्रत्येक सुरक्षारक्षकाकडे प्रायव्हेट सिक्युरिटी ऑथॉरिटीचा परवाना असावा लागतो आणि त्याचा बिल्ला दिसेल असा लावावा लागतो. आवाज न चढवता कारण विचारा. वेळ, दार, बिल्ल्याचा क्रमांक आणि आधी-नंतर कुणाला आत सोडलं ते लगेच फोनमध्ये लिहून ठेवा. परवानाधारक पब-क्लबमधल्या भेदभावाची तक्रार २००३ च्या कायद्यानुसार थेट जिल्हा न्यायालयात करता येते. दारावर हुज्जत घालून रात्र घालवण्यापेक्षा हे चार तपशील जास्त कामाला येतात.

पिंप_आणि_पाइंट

राउंडचा हिशेब. एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. चौघं म्हणजे चार फेऱ्या, आणि चार पाइंट सगळ्यांना झेपतीलच असं नाही. म्हणून सुरुवातीलाच, पहिली ऑर्डर जाण्याआधी, ज्याला गोलात राहायचं नाही त्याने "मी माझं माझं घेईन" एवढं म्हणावं. कुणीही वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटतं ते दोन राउंड दुसऱ्यांचे पिऊन आपल्या पाळीला कोट चढवणाऱ्याचं.

न पिणाऱ्यासाठी पर्याय भरपूर आहेत. गिनेस ०.०, म्हणजे गिनेस या काळ्या बिअरचा बिनदारूचा प्रकार, आता बऱ्याच ठिकाणी नळावर मिळतो, दिसायला हुबेहूब. किंमत मात्र खऱ्या पाइंटच्या जवळपास जाते, त्यामुळे तो राउंडमध्ये राहिला तरी अन्याय होत नाही. नुसतं सोडा-लिंबू किंवा ब्लॅककरंट कॉर्डियल घेणार असेल तर मात्र वेगळं द्यावं. नळाचं पाणी मागितलं की फुकट देतात, तेही पाइंटच्या ग्लासात. संध्याकाळी पबमध्ये चहा मागणंही इथे अगदी साधं आहे.

काळ्या स्टाउट बिअरबद्दल एक उपयोगाची गोष्ट: राउंडमध्ये गिनेस असेल तर ती सगळ्यात आधी सांगा. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून पाऊण भरतात आणि बाजूला ठेवतात. त्या वेळी आत तपकिरी वादळ उठलेलं दिसतं आणि बुडबुडे काचेच्या कडेने चक्क खाली जाताना दिसतात. नायट्रोजनचे ते बारीक बुडबुडे मधल्या भागातून वर चढतात आणि वर गेलेलं द्रव कडेने परत खाली येताना कडेच्या बुडबुड्यांनाही ओढून नेतं. जवळजवळ दोन मिनिटांनी काळा आणि साय असे दोन थर स्वच्छ वेगळे झाले की नळाचं हँडल उलट्या दिशेला ढकलून वरचा भाग भरतात आणि फेस काठाच्या किंचित वर फुगतो. अर्धा भरलेला ग्लास उचलायला हात पुढे करू नका. ती दोन मिनिटं तुमच्या बाकीच्या ऑर्डरी भरण्यात जातात, म्हणून ती आधी.

पाइंट ५६८ मिलिलिटरचा, किंमत गॉलवेत साधारण सहा युरोच्या आगेमागे. व्हिस्कीचं माप ३५.५ मिलिलिटर, म्हणजे आपल्या ३० च्या पेगपेक्षा जास्त, आणि डबल म्हणजे ७१. पेग मोजून पिण्याची सवय असलेल्यांचा हिशेब इथे हळूच चुकतो. पैसे प्रत्येक वेळी लगेच द्यायचे. बारवर टिप देण्याची पद्धत नाही, टेबलावर बसून जेवलात तर साधारण दहा टक्के.

भाजीभाकरी

शाकाहारी व्यक्तीसाठी. पबचं स्वयंपाकघर रात्री नऊच्या सुमारास बंद होतं. सेशन संपल्यावर खाऊ म्हणाल तर फक्त चिप्स आणि बर्गर उरतात. साडेसहा-सातला पोटभर जेवूनच बाहेर पडा.

रात्रीच्या चिप्सबद्दल: काही जुनी चिप्पर दुकानं गोमांसाच्या चरबीत तळतात, बाकीची वनस्पती तेलात. "बीफ ड्रिपिंग आहे का?" असं थेट विचारा, लगेच सांगतात. तेल असलं तरी त्याच कढईत मासे तळत असतील, तेही विचारा. भाज्यांचं सूप बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. सोबतच्या ब्राउन ब्रेडमध्ये ताक असतं, ते चालेल, पण काही ठिकाणी अंडंही घालतात. टोस्टी (भाजलेलं सँडविच) मागताना 'स्पेशल' म्हणू नका, त्यात हॅम येतं. 'फक्त चीज' असं सांगा.

अंड्यासाठी एक पक्का मार्ग आहे. इथे प्रत्येक खाण्याच्या जागेला १४ ॲलर्जन लेखी दाखवावे लागतात आणि त्यांत अंडं, दूध, मासे, कवचधारी जलचर हे सगळे येतात. मेनूवर पदार्थासमोर बारीक आकडे असतात, खाली त्यांची यादी. अंड्याचा आकडा एकदा बघून ठेवला की वेटरला समजावत बसावं लागत नाही. मांस मात्र त्या १४ मध्ये नाही, ते तोंडानेच विचारायचं.

गिनेस आता माशांच्या अवयवापासून केलेल्या पदार्थाने गाळत नाहीत, त्यामुळे तुमचा शाकाहारी मित्र बिनधास्त घेऊ शकतो. बेलीज या गोड आयरिश लिकरमध्ये साय असते, अंडं नाही.

उंबरठा

की स्ट्रीटला वरती एका ओळीत निकालात काढलंय, ते पटलं नाही. 'द कीज' नावाचा पब आत शिरून बघाच. लाकडी कमानी आणि रंगीत काचा, आतली बरीचशी सजावट एका जुन्या फ्रेंच चर्चमधून आणलेली आहे, आणि मागे मोठा मंच. तिथे सेशन नाही, बँड असतो, पण नाचायचंय आणि क्लबचा धडधडाट नकोय अशा लोकांसाठी ती उत्तम जागा आहे. आणि क्रॉस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं टी नॉक्टन. १८९४ पासूनचा पब, निळा कोपरा लांबून ओळखू येतो. आत लाकडी फळ्यांनी पाडलेल्या चार-सहा जणांच्या खोपट्या आहेत, त्यांना स्नग म्हणतात. चार जणांना संध्याकाळी पाचला मोकळा स्नग मिळाला तर सोडू नका.

नाटकाचंही कुणी बोललं नाही, आणि गॉलवे हे नाटकवाल्यांचं शहर आहे! ड्रुइड ही कंपनी १९७५ मध्ये इथे सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी गॅरी हाइन्स १९९८ मध्ये नाटकाच्या दिग्दर्शनासाठी टोनी हा अमेरिकी रंगभूमी पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचं स्वतःचं नाट्यगृह की स्ट्रीटलगतच्या गल्लीत आहे, अगदी छोटं, त्यामुळे प्रयोग असेल तर तिकीट लगेच घ्या. मोठे प्रयोग टाउन हॉल थिएटरला होतात, सुमारे ४०० जागा. मिडल स्ट्रीटवर अन तायव्यर्क आहे, १९२८ पासून आयरिश भाषेतलं नाटक करणारं. भाषा कळत नसली तरी आपल्या माणसाने एकदा तिथे बसून बघावं, लहान भाषेत नाटक उभं ठेवायला काय लागतं ते दिसतं. प्रयोग साधारण आठला सुरू होतो आणि उशिरा येणाऱ्याला मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवू शकतात. सहाची टिग कोली, आठचं नाटक, साडेदहाला क्रेनची उरलेली बैठक: एका रात्रीत तिन्ही बसतं.

पश्चिमवारा

उंबरठा, टी नॉक्टनचं विसरलोच होतो, मान्य. 'द कीज'बद्दल एवढंच म्हणेन की शनिवारी दहानंतर तिथे बोलणं अशक्य होतं. त्यांना टेम्पल बारसारखं नको आहे, म्हणून मी पुलापलीकडे पाठवत होतो. शुक्रवारी लवकर गेले तर हरकत नाही.

काठावरून

परतीचं आणि गाडीचं लिहितो.

टॅक्सी: एअर स्क्वेअरला थांबा आहे. अडीचला सगळे बार एकदम सुटतात, तेव्हा रांग लांब असते. लांब राहत असाल तर दोनला निघा. रात्री ८ ते सकाळी ८ आणि रविवार-सुट्टीला चढा दर लागतो, ॲपवरून बोलावली तर वर ३ युरोपर्यंत बुकिंग फी. कार्ड घेणं आणि छापील पावती देणं चालकाला बंधनकारक आहे. गाडीत उलटी झाली तर साफसफाईपोटी १४० युरोपर्यंत घेऊ शकतात. सॉल्टहिलला, म्हणजे शहराच्या समुद्राकाठच्या भागात, राहत असाल तर ४०१ नंबरची बस रात्री किती वाजेपर्यंत असते ते आधी बघून ठेवा. चालत तिथे अर्धा तास आणि समोरून समुद्राचा वारा.

नदी: हे कृपया हलक्यात घेऊ नका. कॉरिब तळ्यापासून समुद्रापर्यंत जेमतेम सहा किलोमीटर आहे, सगळं पाणी तेवढ्यात उतरतं, म्हणून ओढ भयंकर. ऑक्टोबरच्या पावसानंतर तर पुलावरून आवाजच सांगतो. स्पॅनिश आर्चच्या धक्क्याला काही ठिकाणी कठडा नाही आणि दगड ओले असतात. वेस्टएंडमधून परतताना कालव्याकाठच्या अंधाऱ्या पायवाटा टाळा, दिव्यांच्या रस्त्याने पूल ओलांडा. फोटोसाठी कठड्यावर बसू नका. वीकेंडच्या रात्री क्लाडा वॉच पॅट्रोल या गस्त घालणाऱ्या गटाचे स्वयंसेवक काठाने फिरत असतात. कुणी एकटं पाण्याजवळ रेंगाळताना दिसलं तर त्यांना सांगा. कुणी पडलंच तर पाण्यात उडी मारू नका. काठावरचं जीवरक्षक कडं फेका, ११२ लावा आणि कोस्ट गार्ड मागा. ती कडी खेळ म्हणून कधीही काढू नका.

गाडी: आयर्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. तुमच्यापैकी ज्याला आयरिश लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील, म्हणजे एन प्लेट असेल, त्याच्यासाठी फक्त २०. साधा पाइंट म्हणजे इथल्या मोजणीत जवळपास दोन प्रमाणित मापं, आणि एक माप उतरायला शरीराला साधारण एक तास लागतो. पाच पाइंट म्हणजे दहा तास, तेही शेवटचा घोट संपल्यापासून. झोप, कॉफी, आंघोळ, भरपेट नाश्ता यांनी त्यात काही फरक पडत नाही. तुमच्यातला न पिणारा गाडी चालवत असेल तर त्याच्याच नावाने गाडी घ्या आणि विषय संपवा.

टिटवी

तो चालवतो, पण त्याची एन प्लेट आहे. दारू घेतच नाही, म्हणजे प्रश्न नाही ना? दुसरा चालक म्हणून माझंही नाव घालायचा विचार होता. शनिवारी मी एकपर्यंत थांबेन, फार तर पाच पाइंट.

काठावरून

तो निश्चिंत चालवू शकतो, फक्त एन प्लेट सोबत आणून भाड्याच्या गाडीला पुढे-मागे लावायची आणि त्या कंपनीला नवीन लायसन्सधारक चालतो का ते आधी विचारायचं. बऱ्याच कंपन्या लायसन्सला ठरावीक वर्षं झालेली मागतात.

तुमचं स्वतःचं: त्या रात्री घड्याळ बदलतं. उन्हाळी वेळेचे दोन वाजले की पुन्हा एक वाजतो. तुम्ही जुन्या घड्याळाने एकला थांबलात तर तुमचे दहा तास नव्या घड्याळाच्या सकाळी १० ला पूर्ण होतात. तेवढा किमान धरा, आणि निवांत जेवून दुपारी बारानंतरच चाक हातात घ्या. उजेडाचा हिशेबही करा: नव्या वेळेने तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कॉनेमाराचे रस्ते अरुंद, दिव्यांशिवाय, मेंढ्या मध्ये. म्हणून जातानाचा पहिला टप्पा त्याला चालवू द्या आणि साडेचारपर्यंत परत शहरात या.

टिटवी

ठरलं. शुक्रवारी सहाला टिग कोली, मग नाटक मिळालं तर ते, नाहीतर रोशीन डवचा विनोदी कार्यक्रम. शनिवारी क्रेन आणि साडेअकराच्या आत लेट बार. रविवारी दिवसा गाडी, रात्रीचा मुक्काम वाढवतोय. तिकिटं आणि मागच्या बाजूची खोली आजच बघते.